शेपटीला नाव

मामाच्या कॅसेटींवरून उतरवलेली गाणी परवा ब्राउझरमध्येच टॅग करत बसलो होतो. फाइल चढवायची, रकाने भरायचे, परत उतरवून घ्यायची. मग ती जुन्या लॅपटॉपवरच्या जुनाट प्लेअरमध्ये लावली, तर पडद्यावर ‘भीमसेन जोश’ आणि पुढे एक चौकोनी डबा. पुढच्या गाण्याला ‘लता मंगेशक’ आणि तसाच डबा. आशा भोसले मात्र शाबूत!

या अन्यायाचं मूळ १९९६ सालात आहे. एमपी३ फाइलीत नुसता आवाज असे. कोण गातंय ते फाइलीच्या नावावरून ओळखायचं. एरिक केम्प नावाच्या प्रोग्रामरने त्यावर तोड काढली: फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडायचे. आधी टी, ए, जी ही तीन अक्षरं, मग गाणं, गायक आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, सालाला ४, शेऱ्याला ३०, आणि प्रकाराला एकच बाइट. प्रकारांच्या मूळ ८० जणांच्या यादीत पोल्का आहे, ख्रिश्चन रॅप आहे. नाट्यसंगीताला ‘शोट्यून्स’मध्ये दाटीवाटीने बसावं लागतं, अभंगाला ‘इतर’मध्ये. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन लागतात आणि काना-वेलांटीचे तीन-तीन वेगळे. ‘भीमसेन जोशी’ भरतात ३१. शेवटच्या वेलांटीचे दोन बाइट आत, एक बाहेर. तोच तो डबा. लताबाईंचेही नेमके ३१. आशाताई २५ वर सुटल्या.

पण मला खरं खिळवलं ते ‘शेवटी’ या शब्दाने. नाव शेवटी कशाला? याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे: टॅग म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या प्लेअरचं गाणं तोवर वाजून झालेलं असतं, त्यामुळे शेपटीला काही चिकटवलं तरी गाण्याला धक्का लागत नाही. मला मात्र एकदम गायिका गौहरजान आठवली. नोव्हेंबर १९०२, कलकत्ता, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून बसलेला. तीनेक मिनिटांत गाणं आटोपायचं आणि ते संपता संपता बाई इंग्रजीत ठणकावतात की माझं नाव गौहरजान. हाही टॅगच की! तोही शेपटीलाच.

असं का, याचं रूढ उत्तर सगळे देतात: तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ही घोषणा. मला हे पटत नाही. एक तर ध्वनिमुद्रणाच्या मेणावर क्रमांक कोरलेला असे, कारखान्याला तेवढा पुरे. दुसरं, गौहरने इंग्रजीत सांगितलं खरं, पण इतर कित्येकींनी आपल्याच भाषेत नाव सांगितलं; हॅनोव्हरच्या कामगाराने त्यातून काय बोध घ्यावा? दुसरा पक्ष म्हणतो, ही अमेरिकेतल्या फोनोग्राफच्या नळकांड्यांची सवय. तिथे घोषणा होत्या, हे कबूल. पण त्या सुरुवातीला, नाटकाच्या सूत्रधारासारख्या. इथे नाव शेवटी गेलं कसं?

माझं म्हणणं असं की ते आपल्याकडचं आहे. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते, गझलेच्या मक्त्यात तखल्लुस येतो. ज्या कानांना सही अखेरीस ऐकायची सवय आहे, त्या कानांची गायिका यंत्रासमोर उभी राहिली की नाव अखेरीसच घेणार. यातली फट मला दिसते: नाममुद्रा कवीची असते, गाणाराची नव्हे. पण ठुमरी-दादऱ्यात कवी बहुधा निनावीच असतो. ती रिकामी जागा गाणारीने बळकावली, असं मी ठोकून देतो. गौहर तर स्वतः रचनाही करत असे.

केम्पच्या कानावर तुकोबा पडले असतील, असा माझा दावा नाही. तरी ‘टॅग’ हा शब्दच बघा. इंग्रजीत तो बुटाच्या नाडीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी, आणि रंगभूमीवर नटाची समारोपाची वाक्यं. शब्दाच्या पोटातच टोक आहे. व्युत्पत्तीकार तो स्कँडिनेव्हियाकडून आला असावा म्हणतात, येवो बापडा.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९९७ मध्ये मिखाएल मुचलर याने शेऱ्यातले दोन बाइट कापून गाण्याच्या क्रमांकाची सोय केली. १९९८ मध्ये नवी आवृत्ती आली, तिने टॅग उचलून फाइलीच्या तोंडाशी नेला, म्हणजे गाणं नेटवरून झरझर येत असतानाच नाव दिसेल. संगीतकार, गीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले, नावं वाट्टेल तेवढी लांब झाली. माझ्या सिद्धांताला हा मोठा फटका. पण बऱ्याच फाइलींत पुढे नवा आणि मागे जुना, असे दोन्ही टॅग अजून नांदतात, आणि जुनाट प्लेअर मागचाच वाचतो.

मी आता भीमसेनजींचं नाव रोमनमध्ये लिहून टाकलं आहे. बाकी त्या ३० बाइटांत कोण कोण मावतं हे रात्री मोजत बसलो. ‘तुका म्हणे’ २८ बाइट, आरामात बसतो. ‘नामा म्हणे’ही २८. ‘एका जनार्दनी’ मात्र ३४ भरतो. ‘एका जनार्द’, आणि पुढे डबा.