महागडा नवा फोन घ्यावा का? आधी या ४ गोष्टी तपासा

नवं मॉडेल आलं की हातातला चांगला चालणारा फोनही जुना वाटायला लागतो. पण फोन खरंच जुना झालाय, की फक्त बॅटरी थकलीय? पहिल्या पगारातून हप्ते सुरू करण्याआधी एवढं बघाच.

१. बॅटरी
लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. अ‍ॅपलच्या माहितीनुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकतील अशा बनवल्या आहेत. आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० चार्ज दीड वर्षाच्या आतच संपतात. बॅटरी फार उतरली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आयफोन स्वतःचा वेगही कमी करू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी टाकली की फोन पुन्हा पळायला लागतो.

२. स्टोरेज
मेमरी काठोकाठ भरली की फोन अडखळतो. जुने व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड काढून टाका, मग फरक बघा.

३. सिक्युरिटी अपडेट
हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप याच फोनवर चालतं. सेटिंग्जमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख बघा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ या मालिकांना ७ वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. पण ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये जुनं मॉडेल घेताना हे विसरू नका.

४. नव्यात नवं काय?
२०२२ च्या आयफोन १४ मध्ये २०२१ च्या आयफोन १३ मालिकेतलीच ए१५ चिप होती. म्हणून एका वर्षाच्या फरकासाठी फोन बदलणं क्वचितच परवडतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’चं काय?
क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत मिळते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी असेल तर ती आपल्याच खिशातून जाते.

मग घ्यायचा कधी?
सिक्युरिटी अपडेट बंद झाले, गरजेची अ‍ॅप चालेनात किंवा दुरुस्तीचा खर्च फोनच्या किमतीपेक्षा जास्त झाला, तर खुशाल घ्या. नाहीतर बॅटरी बदला आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा.