पत्ता कुठला? : रावळगाव, हर्शी आणि किर्लोस्करवाडी

मोठ्या कंपनीला साधारणपणे तीन पत्ते असतात. जिथे तिची कायद्याने नोंद झालेली असते तो पहिला, जिथे तिचा माल तयार होतो तो दुसरा आणि जिथे तिचे निर्णय होतात तो तिसरा. अमेरिकेत हे तीन पत्ते पुष्कळदा तीन निरनिराळ्या राज्यांत आढळतात. तेथील पाचशे बड्या कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक कंपन्यांची नोंद डेलावेअर या चिमुकल्या राज्यात आहे, कारण तिथला कंपनी-कायदा आणि तिथले न्यायालय त्यांना सोयीचे वाटते. यांपैकी तिसऱ्या पत्त्याचा, म्हणजे मुख्यालयाचा, विचार अर्थशास्त्राच्या पुस्तकांत भाडे, कर, दळणवळण अशा शीर्षकांखाली केला जातो. परंतु हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही परका नाही. मुख्यालय जिथे असते तिथेच कागदपत्रे साठतात, चरित्रनायक राहतात आणि पुष्कळदा आठवणीही तिथेच लिहिल्या जातात. नाशिकच्या संदर्भात हे मुद्दाम तपासून पाहण्यासारखे आहे.

नाशिक हे वस्तू घडवणारे शहर आहे. देशाच्या चलनी नोटा १९२८ पासून नाशिकरोडच्या छापखान्यात छापल्या जात आहेत. पण त्या चलनात आणणाऱ्या रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे आणि छापखाना ज्या महामंडळाकडे आहे त्याचे मुख्यालय दिल्लीत. ओझरला लढाऊ विमाने तयार होतात, हिंदुस्थान एरोनॉटिक्सची मुख्य कचेरी मात्र बंगळुरूला. सातपूरच्या ज्या कारखान्यामुळे 'मायको सर्कल' हे नाव शहराच्या तोंडी बसले, त्याचीही मुख्य कचेरी बंगळुरूलाच. कंपनीचे नाव २००८ मध्ये 'बॉश' झाले, चौकाचे तेच राहिले. गंगापूरच्या द्राक्षमळ्यांनी नाशिकला वाइनचे शहर अशी ओळख दिली, आणि तरी तिथल्या सर्वांत प्रसिद्ध कंपनीचा नोंदणीकृत पत्ता अंधेरीचा आहे. शहराचे हात इथे आणि डोके अन्यत्र, अशी ही विभागणी कशी झाली असावी? तिचे जुने आणि बोलके उदाहरण याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९२३ मध्ये रावळगाव येथे सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन खडकाळ आणि उंचसखल होती. ती सपाट करून, पाणी खेळवून तिथे ऊस उभा करण्यात जवळजवळ दहा वर्षे गेली. १९३३ मध्ये साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दशकाच्या आरंभी त्याच साखरेपासून गोळ्या बनू लागल्या. 'रावळगाव' हे गावाचे नाव महाराष्ट्रातल्या लहान मुलांनी भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, तर दुकानातल्या काचेच्या बरणीत पाहिले. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' तर महाराष्ट्राबाहेरही पोहोचल्या.

वालचंद स्वतः मूळचे सोलापूरचे. त्यांचा व्यवसाय मात्र मुंबईत वाढला, आणि त्याला कारणे होती. रेल्वेचे बोगदे आणि पूल बांधण्याची कंत्राटे सरकारी कचेऱ्यांतून मिळत. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली, तिची जहाजे बंदरावाचून चालणे शक्य नव्हते. बँका, शेअरबाजार, उच्च न्यायालय हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. म्हणून उद्योगसमूहाची कचेरी बॅलार्ड इस्टेटला असणे हे त्या काळाच्या व्यवहाराला धरूनच होते. रावळगावला शेत होते, चिमण्या होत्या, वसाहत होती. कंपनीचा नोंदणीकृत पत्ताही गावाचाच होता. निर्णयाचा पत्ता मात्र मुंबईचा.

वालचंदांचे मराठी चरित्र ग. दे. खानोलकर यांनी लिहिले. 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' या ग्रंथमालेचे कर्ते उद्योगपतीच्या चरित्राकडे वळावेत, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातली एक लक्षणीय गोष्ट आहे. पण चरित्र हा प्रकारच असा आहे की तो नायकामागोमाग चालतो. नायक जहाजाकडून विमानाकडे, विमानाकडून मोटारीकडे गेला की लेखणीही तिकडे जाते. ज्यांनी रावळगावचे दगड वेचले आणि पहिला ऊस लावला, त्यांच्याकडे लेखणी वळावी असे कारण त्या प्रकाराच्या रचनेतच नसते.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील एका गोळीवाल्याची, किंबहुना चॉकलेटवाल्याची, हकीकत ताडून पाहावी. मिल्टन हर्शी यांनी १९०३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डेरी चर्च या खेड्यात, दुधाच्या गोठ्यांच्या शेजारी, कारखान्याचे बांधकाम सुरू केले. १९०६ मध्ये त्या खेड्याचे नावच 'हर्शी' झाले. कंपनीचे मुख्यालय आजही तिथेच आहे. त्यांनी १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे आपले भागभांडवल तिच्या विश्वस्तनिधीकडे सोपवले. २००२ मध्ये त्याच विश्वस्तांनी कंपनी विकण्याचा घाट घातला, तेव्हा गावातले कामगार, माजी विद्यार्थी आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. राज्याचे महाधिवक्ता न्यायालयात गेले आणि विक्री थांबली. निर्णय करणारे गावातच होते, म्हणून त्यांना गावात गाठता आले.

अर्थात, सगळ्याच अमेरिकन कंपन्या हर्शीसारख्या नाहीत. बोईंगचा जन्म १९१६ मध्ये सिॲटलला झाला. २००१ मध्ये तिने मुख्यालय शिकागोला हलवले, विमाने मात्र सिॲटलच्या परिसरातच बनत राहिली. २०२२ मध्ये मुख्यालय आर्लिंग्टनला, पेंटॅगॉनच्या शेजारी नेण्याचे तिने जाहीर केले. त्याआधीच्या पिढीत अनेक कंपन्या न्यूयॉर्क सोडून आसपासच्या उपनगरांत गेल्या होत्या. त्यांच्या स्थलांतराचा विल्यम व्हाइट यांनी अभ्यास केला, तेव्हा अहवालांतली सारी गंभीर कारणे बाजूला राहिली आणि वेगळेच काही दिसले: ३८ पैकी ३१ कंपन्या आपल्या प्रमुखाच्या घराजवळ गेल्या होत्या. वॉलमार्ट आर्कान्सातल्या बेंटनव्हिल या लहानशा गावी राहिली, तीही सॅम वॉल्टन यांचे दुकान आणि घर तिथे होते म्हणूनच. मुख्यालयाच्या जागेमागे हिशेब असतोच, पण त्या हिशेबात माणसाच्या सवयी आणि जिव्हाळाही धरलेला असतो.

असा जिव्हाळा आपल्याकडेही होता. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जागा आणि कर्ज दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना, वसाहत आणि कचेरी एकाच माळावर आली. १९२० साली तिथून गिऱ्हाइकांसाठी 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण लावणारी ही तीन मासिके एका संस्थानी खेड्यात का निर्माण झाली, याचे उत्तर शोधताना आपण संपादकाची दृष्टी आणि सुधारणावादाचे वारे यांचा उल्लेख करतो. तो योग्यच आहे. त्यात आणखी एक कारण मिळवायला हवे: निर्णय करणारा माणूस तिथे राहत होता. छापखान्याचा खर्च मंजूर करून घेण्यासाठी मुंबईला पत्र पाठवावे लागत नव्हते.

किर्लोस्करवाडीशेजारी रावळगाव ठेवून पाहिले की फरक स्पष्ट होतो. एकीकडून नांगर आणि मासिके बाहेर पडली, दुसरीकडून साखर आणि गोळ्या. दोन्ही गावांत माणसे कष्टाळू होती, दोन्हींच्या मागे दूरदृष्टीचे उद्योजक होते. तरीही आपल्या वाङ्मयेतिहासात एका गावाचे नाव वारंवार येते आणि दुसऱ्याचे गोळीच्या कागदावरच राहते. किर्लोस्करांची मुख्य कचेरी आणि मासिकेही पुढे पुण्याला गेली, हेही इथे नोंदवले पाहिजे. खेड्यातला तो मुक्काम कायमचा नव्हता, पण जितका काळ होता तितका काळ फळला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची व्यापारचिन्हे, कृती आणि बौद्धिक संपदेचे हक्क २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने घेतले. जमीन, इमारती आणि यंत्रे मूळ कंपनीकडेच राहिली. शतकभराच्या या उद्योगात गिऱ्हाइकाला हवी असलेली गोष्ट ना शेतात होती ना भट्टीत. ती नावात आणि कृतीच्या कागदात होती, आणि कागदाला गाव लागत नाही. हर्शीला २००२ मध्ये जे घडले तसे इथे घडले नाही. घडावे कसे? गाऱ्हाणे घेऊन ज्या दारापुढे उभे राहायचे, ते दार तालुक्यात नव्हतेच.

यातून मुख्यालय खेड्यात असले की सारे भले होते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. हर्शीनेही पुढे मेक्सिकोत कारखाना काढलाच. पण ग्रामीण आणि प्रादेशिक साहित्य शिकवताना आपण बोली, निसर्ग, शेती यांची चर्चा करतो, त्या प्रदेशात काम करणाऱ्या कारखान्याचे निर्णय कुठे होतात हे सहसा विचारत नाही. नाशिक जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनावर मराठीत म्हणावी तशी कादंबरी का नाही, या प्रश्नाचा एक धागा इथे सापडू शकेल. मालकाची कागदपत्रे मुंबईत आहेत, आणि त्यांवरून मालकांचीच चरित्रे होतील. रावळगावच्या चाळींतल्या, सातपूरच्या पाळीवरच्या माणसांचे कागद कुणी जमवलेले नाहीत. ते काम इथल्याच महाविद्यालयांतील मराठीच्या विभागांना करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी बॅलार्ड इस्टेटची परवानगी लागत नाही.