वि. म. दांडेकर यांचे संशोधनकार्य

विनायक महादेव दांडेकर (१९२०–१९९५) हे पुण्यातील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक राहिलेले अर्थशास्त्रज्ञ होते. दारिद्र्यमापन, पीकविमा व प्रादेशिक असमतोल यांवरील त्यांच्या लेखनाचे संदर्भ अर्थशास्त्राबाहेर पोषणशास्त्र आणि लोकप्रशासनातही दिले जातात.

दारिद्र्यमापन
नीलकंठ रथ यांच्यासह केलेला 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. ज्या खर्चपातळीवर दरडोई रोज २,२५० उष्मांकांचा आहार मिळतो, ती त्यांनी किमान पातळी मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरांत २२.५० रुपये होती. या कसोटीवर सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के शहरी जनता दरिद्री ठरली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलानेही उष्मांकांचाच निकष स्वीकारला. मात्र ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरांसाठी २,१०० अशी स्वतंत्र प्रमाणे ठरवली.

मतभेद
व्यक्तीची उष्मांकांची गरज बदलती असते, त्यामुळे सरासरी प्रमाण वापरल्यास कुपोषितांची संख्या फुगते, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याला लेखांतून उत्तर दिले. उपाशी कोणाला म्हणावे, हा या वादाचा गाभा असल्याने तो आजही अभ्यासला जातो.

धोरणांवरील प्रभाव
प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे न मोजता क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर भरपाई द्यावी, हा त्यांनी मांडलेला विचार १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेत आला. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जिल्ह्यांचा विकास राज्याच्या सरासरीशी ताडून अनुशेष काढला. विदर्भ व मराठवाड्याच्या प्रश्नांवरील चर्चेत या अहवालाचा आधार घेतला जातो.