मुद्दाम घातलेला चकवा

रानातून जाणारा माणूस तासभर चालून पुन्हा त्याच झाडाखाली आला, की कोकणात 'चकवा लागला' म्हणतात. चकव्याची भीती असते, तो कुणी आपणहून मागत नाही. पण १९३८ साली क्वालालंपूरमध्ये काही ब्रिटिश नोकरदारांनी धावण्याचा एक क्लब काढला आणि दर सोमवारी संध्याकाळी रानात एकमेकांना चकवा घालायला सुरुवात केली. हॅश हाउस हॅरिअर्स हे त्या क्लबाचे नाव. आज या नावाचे जवळजवळ दोन हजार क्लब जगभर आहेत. त्यांचा विषय निघाला की बहुतेकांचे बोलणे धावल्यानंतरच्या बिअरपाशी थांबते. मला वाटते, हा खेळ टिकला तो त्या चकव्याच्या बळावर. वाट चुकणे हाच नियम केल्यामुळे जोरात धावणारे आणि धापा टाकत चालणारे एका खेळात राहू शकले, आणि हे आधीच्या खेळांना साधले नव्हते.

आधीचा खेळ इंग्लंडच्या शाळांमधला. दोन मुले ससे व्हायची, कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची, आणि बाकीची शिकारी कुत्र्यांसारखी तो माग काढत मागे धावायची. श्रूजबरीच्या शाळेत हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळला होता. रग्बी शाळेतला खेळ थॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या १८५७ च्या कादंबरीत सविस्तर आला आहे. ससे पोहोचल्यापासून पाव तासाच्या आत जो येईल त्याचीच धाव धरायची, असा तिथला नियम. टॉम आणि त्याचे दोन सोबती चिखल तुडवत शेवटपर्यंत जातात, पण वेळेत पोहोचत नाहीत. माग शोधायचा सगळ्यांनी, पण हिशोबात धरायचे फक्त दमदार मुलांना, अशी ती व्यवस्था होती. पुढे मोठ्यांनी हा खेळ उचलला. १८६८ मध्ये लंडनजवळ थेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब निघाला आणि त्यातून आजची क्रॉस-कंट्री शर्यत घडत गेली. १८७६ मध्ये एपिंग फॉरेस्टमध्ये इंग्लंडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठरली, तेव्हा सगळेच धावक वाट चुकले आणि स्पर्धा रद्द ठरवावी लागली. शर्यत म्हटली की वाट चुकणे हा दोष, म्हणून पुढच्या स्पर्धांमध्ये मार्ग पक्का आखला जाऊ लागला. कपटे आणि शोध मागे पडले, घड्याळ उरले.

मलायात हा खेळ घड्याळाच्या उलट दिशेने गेला. मलाक्का आणि जोहोर बाहरू इथे तिसाच्या दशकात असे गट होते, आणि त्यांचा अनुभव घेऊन आलेला आल्बर्ट गिस्पर्ट हा हिशेबतपासनीस क्वालालंपूरच्या क्लबाच्या संस्थापकांपैकी एक झाला. सेलांगोर क्लबच्या आवारातल्या ज्या खोल्यांत यांच्यातले बरेच जण राहत-जेवत, तिथल्या बेचव जेवणामुळे त्या जागेला 'हॅश हाउस' म्हणत, आणि तेच नाव क्लबाला मिळाले. धावायला शहराबाहेरचे रबराचे मळे, कथलाच्या खाणींचे उकरलेले माळ आणि मधले दाट झुडपी रान होते. ससा आधी जाऊन कपटे टाकून येई. मध्येच माग तुटे. त्या जागेला 'चेक' म्हणतात. तिथून पुढच्यांनी चारी दिशांना पांगून शोधायचे. एखादी खूण सापडून तिच्यामागे बरेच अंतर धावावे, तर ती खोटी निघे आणि माघारी यावे लागे. ज्याला खरा माग सापडेल तो 'ऑन ऑन' अशी आरोळी देई. याचा परिणाम साधा आहे. सर्वांत वेगवान माणूस सर्वांत जास्त खोट्या वाटा तुडवतो, आणि तो परतेपर्यंत मागचा माणूस चेकपाशी येऊन पोहोचलेला असतो. त्या दिवशी पायांत सगळ्यात कमी बळ असलेल्याला खरी वाट आधी दिसणेही शक्य असते. चांगला ससा तो, ज्याच्या मागावर पहिला आणि शेवटचा धावक थोड्याच अंतराने परत येतात. शर्यत आखणाऱ्याला असे काही आखायची गरजच पडत नाही.

ही रचना आपसूक घडली, असे कुणी म्हणेल. पण क्लबाने स्वतःबद्दल काय लिहून ठेवले तेही पाहावे. जपानी आक्रमणात क्लब बंद पडला. गिस्पर्ट ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडण्याच्या चार दिवस आधी, लढाईत मारला गेला. वाचलेले सदस्य १९४६ मध्ये पुन्हा जमले. १९५० मध्ये नोंदणीसाठी घटना लिहून देणे भाग पडले. तिच्यात शरीर तंदुरुस्त ठेवणे, शनिवार-रविवारची नशा उतरवणे, तहान लागावी आणि ती बिअरने भागावी, हे हेतू आहेत. त्यांच्याबरोबर आणखी एक आहे: वयस्क सदस्यांना वाटते तेवढे ते म्हातारे झालेले नाहीत, हे त्यांना पटवून देणे. सरकारी कागदावर हे लिहिणाऱ्यांना आपला खेळ कुणासाठी आहे याची पक्की जाण होती. जिंकण्याचा त्यात उल्लेख नाही.

बिअरचा आक्षेप मला म्हणूनच पुरेसा वाटत नाही. प्यायचेच असते तर सेलांगोर क्लबमध्ये सोय होतीच, त्यासाठी काट्यांतून जायचे कारण नव्हते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्या मळ्यांतून ही मंडळी संध्याकाळी धावत, तिथे पहाटेपासून रबराचा चीक काढणारे तमिळ मजूर होते आणि तो माग त्यांच्यासाठी घातलेला नव्हता. खेळाच्या आतली समता साहेबांच्या कुंपणाच्या आतली होती. हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तो खेळ केवळ साहेबांच्या ऐटीवर उभा असता, तर मलायातला ब्रिटिश झेंडा १९५७ मध्ये उतरल्यावर संपायला हवा होता. झाले उलटे. १९६२ मध्ये सिंगापुरात दुसरी शाखा निघाली, १९७८ मध्ये हाँगकाँगला पहिला जागतिक मेळावा भरला, आणि २००२ मध्ये तो मेळावा गोव्यात झाला. कपट्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी गव्हाचे पीठ आले. खुणांचा अर्थ स्थानिक लोकांना कळायला हवा, हे शहाणपण मात्र त्याबरोबर आपोआप आले नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये एका दुकानाच्या वाहनतळावर टाकलेले पीठ विषारी भुकटी समजून लोकांना बाहेर काढावे लागले होते.

चकव्याने वेगाची आणि वयाची दरी भरून काढली, पण आत कुणाला घ्यायचे हे तो ठरवत नाही. ते सदस्यच ठरवतात. सिंगापूरच्या बायकांनी १९७३ मध्ये आपला वेगळा क्लब काढला, पुढच्याच वर्षी क्वालालंपूरच्या बायकांनीही काढला, आणि इतर देशांत स्त्री-पुरुष एकत्र धावणारे क्लब वाढले. क्वालालंपूरचा मूळ क्लब मात्र फक्त पुरुषांचाच राहिला आहे.