मोटारींच्या गादीची वंशावळ

उरणजवळच्या मोरा बंदरातून सुटलेली लाँच भाऊच्या धक्क्यापाशी येऊ लागली, की उतारूंच्या उजव्या हाताला शिवडीचा जो किनारा दिसतो, तेथेच १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने परदेशातून आलेले सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना घातला. आणि मोटारधंद्याची जागतिक गादी एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जात असतानाचा तो ऐन संधिकाल होता.

तोवर ती गादी हेन्री फोर्ड यांची. १९०८ ते १९२७ या काळात एकाच ‘मॉडेल टी’च्या दीड कोटी गाड्या त्यांनी काढल्या, किंमत सतत उतरवीत नेली, परंतु कित्येक वर्षे काळ्यावाचून दुसरा रंग दिला नाही. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी नेमके हेच वर्म हेरले. पूर्वीच्या रोगणाचे हात वाळण्यास आठवडे लागत, तेथे काही तासांत वाळणारा ‘ड्यूको’ रंग हाती येताच त्यांच्या कंपनीने निळी गाडी बाजारात आणली, प्रत्येक ऐपतीच्या गिऱ्हाइकासाठी निराळी श्रेणी ठरविली, आणि १९३१ पासून ७७ वर्षे अग्रस्थान राखले. फोर्डसारख्या कर्तबगार पुरुषाने स्वतःच्याच यशाला इतके चिकटून राहावे, याची मला आजही हळहळ वाटते.

सुटे भाग येथेच घडविण्याचा सरकारी आग्रह वाढला, तेव्हा, १९५४ मध्ये, शिवडीचा कारभार आटोपला. मुंबईच्या रस्त्यांवर वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या, कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटचा अंमल सुरू झाला.

पुढे, दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून सारी जोडणी थांबवावी, असा अधिकार देणाऱ्या टोयोटाने २००८ मध्ये जनरल मोटर्सला मागे टाकले, आणि त्याच वर्षी त्या पदच्युत कंपनीने पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना उघडला. मध्यंतरी फोक्सवॅगनने, जिचा कारखाना तळेगावापासून फार दूर नसलेल्या चाकणला आहे, काही वर्षे पहिला क्रमांक पटकावला. २०२० पासून तो पुन्हा टोयोटाकडे आहे. तळेगावचे उत्पादन त्याच वर्षाअखेर थांबले, आणि २०२४च्या जानेवारीत ती वास्तू ह्युंदाईच्या ताब्यात आली: १९६८ मध्ये फोर्डच्याच ‘कॉर्टिना’ गाडीचे सुटे भाग जोडून आरंभ केलेल्या आणि २०२२ पासून आपल्या समूहासह जगात तिसरा क्रमांक गाठलेल्या कोरियन कंपनीच्या.