एक नाव, दोन नंबर

गेल्या पौषात मॉरिशसचे एक मराठी गृहस्थ आमच्याकडे उतरले होते. खापरपणजोबा दौंडचे, तिथे आगगाडीत बसले, मुंबईस जहाजावर चढले नि उसाच्या मळ्यावर उतरले, अशी त्यांच्या घराण्यातली कथा. पाहुणे दोनदा दौंडला येऊन गेलेले; तिथल्या मातीची पुडी त्यांच्या देवघरात आहे. या खेपेस मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतून त्यांनी जुन्या नोंदींचे उतारे आणले, आणि घोटाळा झाला.

१८३४ पासून साडेचार लाखांवर गिरमिटिये त्या बेटावर उतरले. बंदरावरचा कारकून नाव ऐकू येईल तसे लिही, वय अंदाजाने टाकी. पण प्रत्येकास मिळालेला नंबर जन्मभर चिकटे. लग्नाच्या, मुलांच्या जन्माच्या कागदांवरही तो पडे.

उताऱ्यांत एकाच नावाचे दोघे निघाले. एक १८५५ चा, वय पंचवीस, गाव ‘सिरूर’; दुसरा १८६४ चा, वय वीस, गाव ‘धोंड’.

“एकच माणूस दोनदा गेला असेल,” पाहुणे म्हणाले.

तसे जातही. पण नऊ वर्षांनी पाच वर्षांनी लहान होऊन? मी आगगाडीकडे वळलो. दौंडला रूळ पोचले १८५८ साली, बोरघाटातून गाडी उतरू लागली १८६३ साली. म्हणजे गाडीची कथा दुसऱ्याचीच.

“मग आमचे तेच!” पाहुण्यांचा चेहरा उजळला.

मी पणजोबांच्या जन्माचा कागद मागितला. जन्म मॉरिशसचा, साल १८६१. बापाचा नंबर १८५५ च्या माणसाचा. दोघे एकाच मळ्यावर नांदले असावेत आणि एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नातवंडांना लागली असावी, असा माझा तर्क. पाहुणे बराच वेळ बोलले नाहीत. चहा निवून गेला.

“शिरूर कुठल्या नदीवर?” त्यांनी एकदम विचारले.

“घोड नदीवर. गावालाच लोक घोडनदी म्हणतात.”

“आमची आजी रागावली की म्हणायची, जा घोडनदीला! आम्हांला ती शिवी वाटे.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही शिरूरला निघालो. वाटेत त्यांनी विचारले, देवघरातल्या मातीचे काय करू? म्हटले, असू द्या. त्या दुसऱ्याचे कुणी शोधीत आले तर द्यायला होईल.