लांब पल्ल्याची नेमबाजी : कमी खर्चात बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निवडताना

लांब पल्ल्याच्या लक्ष्यभेदी नेमबाजीत 1000 यार्ड, म्हणजे सुमारे 914 मीटर, हे अंतर दीड शतकापासून प्रतिष्ठेचे मानले जाते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील क्रीडमूर मैदानावर 1874 मध्ये अमेरिका व आयर्लंड यांच्या संघांत झालेला सामना अमेरिकेने 934 विरुद्ध 931 अशा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी अचूक मध्यावर बसली होती, परंतु शेजारच्या भलत्याच लक्ष्याच्या; त्यामुळे तिचा एकही गुण मिळाला नाही. हॉर्नडी कंपनीने 2007 मध्ये बाजारात आणलेले आणि आज या खेळात सर्वदूर पसरलेले ‘6.5 क्रीडमूर’ हे काडतूस त्याच मैदानाचे नाव धारण करते.

क्रीडमूरच्या काळी या अंतरावर नेम धरणे मोजक्या सधन मंडळींनाच परवडत असे. आता अमेरिकेत 500 ते 1200 डॉलरच्या दरम्यान मिळणाऱ्या अनेक रायफली तेवढ्या पल्ल्यावर सुसह्य अचूकता देऊ शकतात. मात्र मर्यादित पैसा कोणत्या भागावर खर्च करावा, याचा निर्णय चुकला तर स्वस्त रायफलच सर्वांत महाग पडते.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर नेमबाजाला हाताने बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढावी लागते. रिकामे काडतूस बाहेर पडते; बोल्ट पुढे ढकलताच नवे काडतूस नळीच्या कोठीत जाते आणि मूठ खाली दाबल्यावर बोल्टचे कान चौकटीत घट्ट अडकतात. जर्मनीच्या माउझर कारखान्याने 1898 च्या रायफलीत रूढ केलेली रचना आजच्या बहुतेक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींच्या मुळाशी आहे. गोळी सुटताना या यंत्रणेत आघातसुई व तिची स्प्रिंग यांखेरीज काही हलत नाही, आणि काडतूस दर वेळी जवळपास त्याच स्थितीत बसते. स्वयंभरण रायफलीत वायूच्या दाबाने भाग मागेपुढे धावतात. येथे तसे होत नाही. कमी पैशांत अचूकता मिळते ती या साधेपणामुळे.

अचूकता मोजण्याचे प्रचलित एकक ‘मिनिट ऑफ अँगल’ हे आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटिमीटर आणि 1000 यार्डांवर सुमारे 27 सेंटिमीटर. फिनलंडच्या टिक्का टी-3 एक्सप्रमाणे काही उत्पादक तीन गोळ्यांच्या समूहासाठी एका मिनिटाची हमी देतात. येथे सावध राहिलेले बरे. तीन गोळ्या योगायोगानेही जवळजवळ पडतात. दहा गोळ्यांचा समूह त्याच रायफलीतून हमखास मोठा येतो, आणि तोच खरा असतो. ‘एफ-क्लास’ या प्रकारात 1000 यार्डांवरील दहा गुणांचे वर्तुळ 10 इंच, म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे प्रामाणिकपणे एक मिनिट देणारी रायफल निर्दोष चालवली, तरी सर्व गोळ्या त्या वर्तुळात जेमतेमच मावतील.

तरीही नवख्याचे गुण बहुधा रायफल घालवीत नाही, वारा घालवतो. 6.5 क्रीडमूरची 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने नळीबाहेर पडते. आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी 5 किलोमीटरने चुकला, तर 1000 यार्डांवर ती सुमारे अर्धा मीटर सरकते; .308 विंचेस्टरची 175 ग्रेनची गोळी त्याहूनही बरीच अधिक. दुसऱ्या शब्दांत, एका मिनिटाच्या रायफलीऐवजी दुप्पट किमतीची अर्ध्या मिनिटाची रायफल घेतल्याने जे सेंटिमीटर वाचतात, त्याच्या कितीतरी पट सेंटिमीटर वाऱ्याच्या एका चुकीत जातात. वारा ओळखण्याची नजर सरावातूनच येते आणि सरावाला काडतुसे लागतात. म्हणून अंदाजपत्रक रायफलीपासून नव्हे, काडतुसांपासून मांडणे शहाणपणाचे.

स्पर्धेच्या दर्जाच्या एका काडतुसाला अमेरिकेत साधारण दीड ते दोन डॉलर वा त्याहून अधिक पडतात. 6.5 क्रीडमूरच्या नळीची उत्तम अचूकता साधारण 2000 ते 3000 गोळ्यांपर्यंत टिकते. पुढे कोठीलगतचा भाग उष्णतेने झिजतो. एक नळी झिजवेपर्यंत काडतुसांवरच तीन ते सहा हजार डॉलर खर्च होतात, म्हणजे रायफलीच्या किमतीच्या कित्येक पट. 1952 मध्ये आलेल्या .308 विंचेस्टरची नळी बहुधा 5000 गोळ्यांच्या पुढे जाते आणि तिचा झटका सोसणाऱ्याला वाऱ्याचे धडेही कठोरपणे मिळतात. परंतु 1000 यार्डांच्या आसपास तिची गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येऊन अस्थिर होऊ लागते. प्रथमच रायफल घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी 6.5 क्रीडमूर सोयीची ठरते. केवळ .223 व .308 यांनाच परवानगी असलेल्या ‘एफ-टीआर’ गटात उतरायचे असेल, तर प्रश्नच उरत नाही.

रायफलीच्या भागांमध्ये नळी सर्वांत महत्त्वाची. शिकारीसाठी बनविलेल्या हलक्या रायफलीची बारीक नळी पाच-सात गोळ्यांतच तापते आणि समूह सरकू लागतो. 24 ते 26 इंचांची जाड नळी वजनाला जड, पण स्थिर राहते. नळीतील पेचदार खाचांचा पीळही पाहावा लागतो. 6.5 क्रीडमूरच्या लांबट गोळीला आठ इंचांत एक फेरा असा पीळ लागतो, आणि तो बहुतेक कारखान्यांतून तसाच येतो. त्यानंतर दस्ता. सर्वांत स्वस्त रायफलींचा प्लॅस्टिकचा दस्ता पुढच्या बाजूस लवचीक असतो. दुपायीवर भार देताच तो नळीला टेकतो आणि गोळी भलतीकडे जाते. नळी व दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी चौकटीपर्यंत मोकळी सरकते का, आणि दुपायीवर जोर दिल्यावरही सरकते का, ही दुकानातच करता येण्याजोगी चाचणी आहे. चाप हलका असण्यापेक्षा स्वच्छ सुटणारा असावा. सॅव्हेज कंपनीने नेमबाजाला स्वतः जुळविता येणारा चाप स्वस्त रायफलींतही आणल्यावर इतरांनाही त्या वाटेने जावे लागले.

बाजारातील नावे अनेक असली, तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. 1958 पासून बनत असलेल्या सॅव्हेज 110 ची नळी एका मोठ्या नटाने जखडलेली असते, त्यामुळे झिजलेली नळी बदलणे तुलनेने सोपे व स्वस्त पडते. वर केलेला नळीचा हिशेब पाहता हा गुण दुर्लक्षिण्याजोगा नाही. रुगर अमेरिकन ही त्याहून स्वस्तात सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी. जपानमध्ये बनणाऱ्या होवा 1500 ची चौकट भक्कम असते, टिक्काचा बोल्ट गुळगुळीत चालतो, मात्र तिची जादा मॅगझिने महाग. स्पेनच्या बास्क प्रांतातील बेर्गारा कंपनीची बी-14 ही रेमिंग्टन 700 च्या मापावर बेतलेली आहे. 1962 मध्ये आलेल्या त्या रायफलीसाठी दस्ते, चाप व पट्ट्या बनविणारा स्वतंत्र उद्योगच उभा राहिल्याने पुढे टप्प्याटप्प्याने सुधारणा करता येतात. जुनी रायफल घ्यायची झाल्यास बाहेरच्या चकाकीला भुलू नये. नळीतून किती गोळ्या गेल्या, एवढेच विचारावे आणि शक्य असल्यास आतून कॅमेऱ्याने पाहून घ्यावे.

दुर्बिणीवर रायफलीइतकाच पैसा ठेवावा, असा जाणकारांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे. 100 यार्डांवर जुळविलेल्या .308 ची गोळी 1000 यार्डांवर सुमारे 10 मीटर खाली पडते. एवढी उंची दुर्बिणीच्या चकतीने भरून काढावी लागते. साध्या दुर्बिणीत त्यासाठी पुरेशी हालचाल नसते, म्हणून ती 20 मिनिटांचा उतार असलेल्या पट्टीवर बसवितात. चकतीचा प्रत्येक टप्पा नेमका तेवढाच सरकला पाहिजे आणि शून्यावर परतलाच पाहिजे. काच किंचित धूसर असली तरी चालते, खोटे बोलणारी चकती चालत नाही.

भारतातील वाचकासाठी चित्र वेगळे आहे. शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांनुसार परवान्याविना रायफल बाळगता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आली, तर मान्यताप्राप्त नेमबाजांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. लष्करी मापाच्या काडतुसांची शस्त्रे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. इच्छापूरच्या कारखान्यात बनणारी .315 ही देशातील परिचित बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असली, तरी तिची गोळी लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी नाही. ऑलिम्पिकमध्येही 300 मीटरची रायफल स्पर्धा 1972 नंतर झालेली नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र ती आहे.

त्यामुळे येथील वाट 50 मीटरच्या .22 रायफलीकडून जाते, आणि तीही बहुतांशी बोल्ट-अ‍ॅक्शनच असते. 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या उभारणीत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा पुढाकार होता, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले, तर त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकाविले. अमेरिकेतील लांब पल्ल्याचे नेमबाजही अलीकडे सरावासाठी .22 कडे वळले आहेत. 200 मीटरवर तिची मंद गोळी वाऱ्याने एवढी ढकलली जाते की मोठ्या काडतुसाच्या दूरच्या पल्ल्याचा धडा मिळतो, आणि तोही एका गोळीला काही सेंट मोजून.